भिंतीकडे तोंड करून

बिश्केक, १२ नोव्हेंबर

उलकान एजे,

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हा कागद. मुकान ड्रायव्हरच्या हाती देते आहे. आत-बाशीला पोचलं की गाडी तुझ्या दारात उभी करायची आणि तू बाहेर येईपर्यंत भोंगा वाजवत राहायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा निदान शेजाऱ्यांच्या झोपेसाठी तरी घे. धाकटीनं थोरल्या बहिणीला ‘एजे’ म्हणायचं तू बंद केल्याचं मला कुणी कळवलेलं नाही, म्हणून अजून म्हणते.

मला काम मिळालंय. खरं काम. हसू नकोस.

वीस वर्षांत मी काय काय केलं ते तुला पाठ आहे, कारण दर वेळी तू गावाला सांगितलंस आणि दर वेळी गावानं तुला विचारलं, ‘पण ती दिसली कुठे?’ त्या पोलिसांच्या सिनेमाच्या वेळी तू अख्ख्या गल्लीला बोलावून कणकेचे बोरसोक तळले होतेस, आणि मी पडद्यावर आले ती चहाचा ट्रे घेऊन, आले तशी गेले. बोरसोक संपायच्या आत मी संपले. कोरियन मालिकांमधल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या आपल्या भाषेत बोलतात त्या माझ्या आवाजात. लग्नांमध्ये सूत्रसंचालकाच्या बाजूला उभं राहून मी पाहुण्यांना नाचायला ओढते. नव्या वर्षाला बालवाड्यांमधून झाडाभोवती नाचणारी बर्फपरी होते. चाळिशी उलटली तेव्हा त्यांनी मला चेटकीण केलं. झगा तोच ठेवला, वरून काळी शाल दिली.

तर जान्तोरो नावाचा दिग्दर्शक आहे. वयानं माझ्याहून लहान, पण बाहेरच्या देशांतून बक्षिसं घेऊन आलेला. धनगरांच्या घरात म्हातारी मरते, त्यावर तो सिनेमा काढतोय. त्यानं मला स्वतः फोन केला. मामेभावाच्या बायकोनं, आपल्या गुलसूननं, आईच्या मयताच्या वेळी जो व्हिडिओ काढला होता ना, तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला. त्याला मयतावरचं तेच रडगाणं, तोच कोशोक हवाय, आणि म्हणणारीही तीच.

शब्द तुझे आहेत हे मी विसरलेले नाही. सहा वर्षं अंथरुणातल्या आईला कुशीवरून कुशीवर करताना तू जे गुणगुणायचीस आणि मला फोनवरून ऐकू यायचं, त्याचाच त्या दिवशी कोशोक झाला. नमद्याच्या तंबूत आपण दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. बाहेर पहिली गाडी थांबली, पुरुषांनी काठ्यांवर वाकून हंबरडा फोडला, आता आत बायकांनी सुरू करायचं, तर तुझा गळाच मिटला. तूच माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणालीस, ‘तू म्हण. तुला येतंय सगळं.’ मी म्हटलं. तीन दिवस, येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुन्हा पहिल्यापासून. अजून झोपताना मला तेच ऐकू येतं:

चहात दूध घालून बसले, पियाला कुणाला देऊ गं,
उजवी कूस दुखते म्हणालीस, डावीवर कुणाला वळवू गं.

एजे, हो म्हण. मुकानच्या हाती ‘हो’ एवढं एक अक्षर पाठव. शूटिंग जानेवारीत आहे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. हे हातचं गेलं तर पुढच्या वर्षी मला कुणी चेटकीणसुद्धा करणार नाही.

बारचिन


बिश्केक, ६ डिसेंबर

उलकान एजे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, विजेच्या बिलाच्या पाठीवर दोन शब्द. ‘का वळलीस?’ वर नाव नाही, खाली सही नाही. मुकान म्हणाला, ‘तुझ्या बहिणीनं माझ्या बॉनेटवर ठेवूनच लिहिलं, आत जाऊन बसायलाही तयार नव्हती.’

बरं, सांगते. पाय आखडला होता. तीन दिवस गुडघे मुडपून बसलं की माणसाचं काय होतं? तूही बसली होतीस म्हणा. पण तुला सवय आहे, मला नाही. पाय आखडला म्हणून अंग जरा वळवलं, आणि अंग वळलं की तोंड वळणारच, ते काय मी तिथेच भिंतीला चिकटवून ठेवणार होते? अर्ध्या मिनिटाचं सगळं काम. त्या अर्ध्या मिनिटावरून तू सव्वा वर्ष माझ्याशी बोलत नाहीस.

आणि तू काय बोललीस ते मीही विसरलेले नाही. तिसऱ्या दिवशी, पाहुण्यांना मांस वाढत असताना, सगळ्या गोतावळ्यासमोर. ‘जिनं केलं तिला रडू येत नाही, आणि जी काल गाडीतून उतरली ती गाते. आर्टिस्ट आहे ना आमची!’ बायका डोक्याच्या रुमालाआड हसल्या. मी हातातलं ताट खाली ठेवून उठले आणि तशीच बिश्केकला आले. चाळीस दिवसांच्या जेवणालाही आले नाही, ते का, हे तू कधी विचारलं नाहीस.

सहा वर्षं आईला बघायला का आले नाही, हेही विचार ना एकदाचं! उत्तर तयार आहे. मी गावी गेले आणि नेमका त्याच दिवशी कुणाचा फोन आला तर, या भीतीनं मी शहर सोडत नव्हते. त्या सहा वर्षांत एकूण चार कामं मिळाली, त्यांतल्या दोन भूमिकांना नावसुद्धा नव्हतं. आईला न भेटून मी काय कमावलं ते आता तूच बघ.

जान्तोरो म्हणतो, ‘व्हिडिओत तुमचा चेहरा वळतो ना एजे, तिथे माझ्या अंगावर काटा आला.’ म्हणजे पाय आखडल्याचाही काही उपयोग झाला म्हणायचा.

तू ‘नाही’ असं कुठे लिहिलेलं नाहीस. दोनदा उलटसुलट करून पाहिलं, बिलाची बाजूसुद्धा वाचली. तेव्हा मी ते ‘हो’ धरते.

बारचिन


बिश्केक, २ फेब्रुवारी

उलकान एजे,

परत आले. तोन गावाच्या बाजूला, सरोवराच्या काठावर तंबू लावला होता. थंडी अशी की पियाल्यातला चहा बोलता बोलता गार.

पहिल्या दिवशीच गोंधळ. मयताला बसायच्या बायका म्हणून त्याच गावातल्या आठ म्हाताऱ्या आणल्या होत्या. तंबूत पाऊल टाकण्याआधी त्यांतली एक विचारते, ‘मयत कुणाचं?’ जान्तोरोचा माणूस म्हणाला, ‘कुणाचं नाही आजी, सिनेमा आहे.’ म्हातारी तिथल्या तिथे मागे फिरली. ‘कुणी मेलं नसताना कोशोक? मरणाला काय घरचा पत्ता देताय?’ बाकीच्या सात तिच्यामागे. शेवटी जान्तोरोनं मेंढी कापली, मुल्लाला बोलावून दुवा म्हणवून घेतली, मांस गावात वाटलं, तेव्हा कुठे त्या बसल्या. मी मात्र काहीच विचारलं नव्हतं. मला तोवर तो प्रश्नच पडला नव्हता, एजे.

मग आम्ही बसलो. भिंतीकडे तोंड करून. मी मधोमध, डोक्याला पांढरं फडकं, काळा झगा. माझ्या शेजारी घरची सून झालेली बेर्मेत. बावीस वर्षांची पोरगी. फोनवर लाखो लोक तिला बघतात, ती काय खाते, कुठले बूट घालते. मी म्हटलं, ‘कॅमेरा कुठाय?’

‘मागे, दारात,’ जान्तोरो म्हणाला. ‘तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे, एजे. बायकांचं तोंड भिंतीकडे.’

‘मग माझा चेहरा?’

‘तुमची पाठ बोलते हो! केवढं दुःख आहे त्या पाठीत!’

‘आणि हिचा?’

तो जरा चाचरला. ‘बेर्मेतच्या समोरची भिंत आपण कापून काढलीय. दुसरा कॅमेरा तिकडून.’

मी मान वळवून पाहिलं. खरंच गं. तिच्यासमोरची लाकडी जाळी करवतीनं कापली होती, नमदा वर गुंडाळला होता, आणि त्या भोकातून कॅमेरा तिच्याकडे बघत होता. माझ्यासमोरची जाळी शाबूत. मी गाणार आणि ओठ तिनं हलवायचे. हे मला तिथे, बसल्यावर कळलं. नोव्हेंबरात कुणी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. उगाच खोटं कशाला लिहू.

पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण ती मधल्या वेळात माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. म्हणाली, ‘एजे, मला फार लाज वाटते. तुम्ही गाताय आणि मी नुसती माशासारखी तोंड उघडतेय.’ मी म्हटलं, ‘माशाला बघायला तरी लोक येतात, बाई.’ ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही तिला शोभलं.

तिसऱ्या टेकला मी वळले.

दारातल्या कॅमेऱ्याकडे, सरळ, तोंड वर करून. गात होते, गाता गाता वळले. जान्तोरो ओरडला, ‘कट! अहो एजे, मागे मयताला आलेली माणसं आहेत, प्रेक्षक नाहीत!’ सगळे हसले. त्या आठ म्हाताऱ्या तेवढ्या हसल्या नाहीत. एकीनं माझा खांदा धरून मला परत भिंतीकडे फिरवलं, लहान पोराचं नाक पुसावं तसं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. पाय आखडला नव्हता.

आईच्या मयतात गुलसूननं फोन वर धरला, तो मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तंबूच्या वरच्या झरोक्यातून उजेड खाली येत होता. वीस वर्षं आरशासमोर घालवलीत मी. माझी डावी बाजू चांगली दिसते हे मला ठाऊक आहे, आणि उजेडही डावीकडूनच येत होता. मी रडत होते, एजे. आईची शपथ, खरंखुरं रडत होते. आणि रडता रडताच मनात म्हटलं, ही ओळ संपली की वळायचं. दोन्ही एकाच वेळी. तू शेजारी होतीस, तुला ते कळलं. मला वाटत होतं कुणालाच कळलं नसेल.

आता कर काय करायचं ते. विजेचं बिल पाठव.

बारचिन


बिश्केक, १९ ऑक्टोबर

एजे,

विजेचं बिलही नाही. आठ महिने झाले. मुकान म्हणतो, ‘तुझी बहीण पत्र घेते, खिशात टाकते आणि गाईकडे जाते.’ चला, घेतेस एवढं पुरे.

काल सिनेमा दाखवला, मोठ्या थिएटरात. मैत्रिणीचा निळा झगा घालून गेले होते, मागून चेन लागेना म्हणून वरून कोट, तो शेवटपर्यंत काढला नाही. त्या कोशोकला अख्खं थिएटर रडलं. माझ्या शेजारची बाई माझ्या दंडाला धरून हुंदके देत म्हणाली, ‘केवढीशी पोर, पण काय गळा दिलाय देवानं!’ मी तिला माझा रुमाल दिला. पडद्यावर बेर्मेतचा चेहरा होता, हा एवढा, भिंतीएवढा. माझी पाठ चार वेळा दिसली. चारही मोजल्या.

शेवटी नावं आली. त्यात ‘कोशोक: लोकपरंपरा’ असं होतं. तुझं नाव नाही, माझं नाही. माझं नाव त्या आठ म्हाताऱ्यांच्या यादीत, नववं. आज सकाळच्या पेपरांत बेर्मेतला बाहेरच्या देशात अभिनयाचं बक्षीस मिळाल्याची बातमी आहे. मंचावर ती म्हणाली म्हणे की मला यातलं काहीच येत नव्हतं, मला एका एजेनं शिकवलं. नाव घ्यायचं राहिलं. घाबरली असेल.

आज दुपारी जान्तोरोनं बोलावून घेतलं. आता मालिका काढतोय, टीव्हीवर, रोज संध्याकाळी. त्यात सासू आहे. सुनेला छळणारी, शेजारणींशी भांडणारी, प्रत्येक भागात दिसणारी. तो म्हणाला, ‘पाठ नाही एजे, या खेपेला चेहरा! नुसता चेहराच चेहरा!’ मग एक कागद पुढे केला. सिनेमातला आवाज माझा आहे हे मी कुठे बोलायचं नाही, आणि शब्दांवर माझा किंवा आणखी कुणाचा हक्क नाही, असं त्यात लिहिलंय.

मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करते आहे.

बारचिन


बिश्केक, ३० मार्च

उलकान एजे,

विचार वगैरे मी काही केला नव्हता. त्याच दुपारी, त्याच टेबलावर सही केली. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा बोटाला शाई होती. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी कुठे ना कुठे खोटं बोलले आहे. या पत्रात नाही बोलणार, असं ठरवून बसले आहे.

मालिका तू बघतेस की नाही कोण जाणे. तुमच्याकडे बघतातच सगळे. मी आता दिसते, एजे. ओश बाजारात गेले तर मांसवाली माझ्यावर सुरी उगारून म्हणाली, ‘काय गं सटवे, त्या गरोदर पोरीला विहिरीवर पाठवतेस? खुदा बघून घेईल तुला!’ आजूबाजूच्या बायका जमल्या, एकीनं तर माझ्या पायाशी थुंकलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं नाही की तुम्हाला कुठे पाहिलंय. मी तिच्याकडूनच मांस घेतलं, चरबीचा तुकडा दिला तोही मुकाट्यानं घेतला.

घरी आले तर तुर्सुन मावशी दाराशी बसलेली. डोळे दाखवायला बिश्केकला आली होती. जेवताना तिनं तुझं सांगितलं. तुझ्या चुलतसासूच्या मयतात म्हणे तू बसलीस, आणि इतक्या वर्षांनी तुझा गळा उघडला. तू म्हणायला लागलीस. मावशी म्हणाली, ‘उलकानचा आवाज जाडाभरडा, पण माझ्या काळजाला हात घातला बघ तिनं.’ आणि तू ‘उजवी कूस दुखते म्हणालीस’ इथवर आलीस, तेव्हा मागची कुणी सून बोलली, ‘काकी, ती ओळ तशी नाहीये. सिनेमात ती पोरगी ‘कुणाच्या कुशीत शिरू गं’ म्हणते.’ दुसरी म्हणाली, ‘सिनेमातलं म्हणायचं तर नीट तरी पाठ करावं.’ मावशी म्हणाली, पुढच्या गाडीला तू तोंड उघडलं नाहीस, आणि त्यानंतरच्याही नाही.

ती ओळ मी बदलली, एजे. जान्तोरो म्हणाला, ‘कूस, वळवणं, आजारपणाचा वास येतो त्याला, लोकांना किळस येईल.’ मी म्हटलं, मग ‘कुणाच्या कुशीत शिरू’ करू या. त्यानं सुचवलंसुद्धा नव्हतं, मीच दिलं. आपण होऊन, खूश होऊन दिलं. ज्या बाईनं कधी आईला कुशीवर वळवलं नाही तिलाच असलं सुचणार.

सोबत एक कागद जोडते. माझ्या हातानं लिहिलाय, खाली सही आणि तारीख. कोशोकचे शब्द माझी बहीण उलकान हिचे, आवाज माझा, बेर्मेतचा नाही, आणि बदललेली ओळ माझी. हा तू गावात वाचून दाखव, पेपरात दे, काहीही कर. तू तो बाहेर काढलास की दुसऱ्या दिवशी मालिकेतून मी गेले. ते तुझ्या हातात.

बारचिन


बिश्केक, २४ एप्रिल

उलकान एजे,

तीन आठवडे मी रोज पेपर उलटापालटा केला. कुठेच काही नाही. रोज सकाळी सुटल्यासारखं वाटायचं, आणि चौथ्या आठवड्यात मला कळलं की मला ते आधीपासून ठाऊक होतं. तू तो कागद कधीच बाहेर काढणार नाहीस हे ठाऊक होतं म्हणूनच मी तो पाठवला. ‘ते तुझ्या हातात’ असं लिहिताना माझा आवाज कसा लागेल हेसुद्धा मी मनात ऐकून पाहिलं होतं. हे आणखी एकदा वळणंच झालं. बघणारी एकटी तू होतीस, एवढाच फरक.

परवा सकाळच्या थेट कार्यक्रमाला बोलावलं होतं, ‘छळवादी सासूच्या हातचे बोरसोक’ म्हणून. हसू नकोस, खरंच तसं लिहिलं होतं मागे. मी ओट्यापाशी तळत होते आणि निवेदिका पोरगी कायतरी विचारायचं म्हणून म्हणाली, ‘आणि घरी कोण कोण असतं तुमच्या?’ मी म्हटलं, ‘बहीण आहे, आत-बाशीला. सिनेमातला तो कोशोक तिनं केलाय, आमच्या आईसाठी. बेर्मेतच्या तोंडी तो आवाज माझा आहे. एक ओळ मी नासवली, मूळची अशी आहे,’ आणि मी तुझी ओळ म्हटली. पोरीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग ती म्हणाली, ‘वा! आता बघू या, आज पाऊस पडणार का.’ तेवढ्यात माझे बोरसोक करपले.

मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. कसलं काय! लोकांचा विश्वासच बसला नाही. फोनवर त्या कार्यक्रमाच्या खाली लोकांनी लिहिलेलं सगळं वाचलं मी. ‘सासू ती सासूच, पोरीचं बक्षीस बघवेना.’ ‘प्रसिद्धीसाठी मेलेल्या आईला मध्ये आणते.’ एकीनं लिहिलं, ‘आणि ती ओळ किती घाण आहे.’ ते वाचून मात्र मी मोठ्यांदा रडले. तू पाहिलंस का, मला माहीत नाही. तुमच्याकडे सकाळी सगळी गुरांमागे असतात.

पाहिलं ते जान्तोरोनं. ओरडला नाही, सही केलेल्या कागदाची आठवण करून दिली, आणि लेखकाला सांगून माझी सासू मारून टाकली. साठाव्या भागात. गुरुवारी माझं मयत आहे. तंबू लावणार, सुना भिंतीकडे तोंड करून बसणार. मी विचारलं, ‘आणि कोशोक कोण म्हणणार?’ तर म्हणाला, ‘सिनेमातलाच लावू या ना, लोकांना माहीत आहे तो.’ म्हणजे माझ्यावर रडणार तीही मीच, बेर्मेतच्या नावानं.

मी म्हटलं, ‘किती वाजता येऊ?’

तो म्हणाला, ‘अहो एजे, मयत पडद्याआड असतं. चेहरा दिसत नाही. तुमची गरज नाही, दोन उशा ठेवतो.’

मी म्हटलं, उशा नकोत, मीच झोपते. तो म्हणाला, ‘वेड लागलं का तुम्हाला?’ समजावून काय सांगणार त्याला? आईच्या वेळी तिच्या आणि आपल्या मध्ये तसाच पडदा होता. पलीकडे आई, अलीकडे आपण, आणि मागे गुलसूनचा फोन. गुरुवारी मी पलीकडे असेन. तिथे उजेड नाही, कॅमेरा नाही, डावी बाजू नाही, उजवी नाही. तुझे शब्द सुरू होतील. रडू आलं तर येईल, नाही आलं तर नाही. बघायला तूसुद्धा नसशील. माझ्यात खरं किती आहे ते निदान मला तरी कळेल.

नऊला बोलावलंय सगळ्यांना. मला नाही. मी साडेआठलाच जाऊन झोपणार आहे.

बारचिन